पॉइंट्सची जुळवाजुळव, नोंद ७ : आडनावातल्या एका अक्षरापायी अडकलेले ४२,०००

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की निरनिराळ्या हॉटेल-साखळ्यांत मुक्कामांवर बक्षीस म्हणून मिळालेले, विखुरलेले सगळे पॉइंट्स चवथीपूर्वी माइल्सच्या (विमान कंपनीच्या, तिकिटासाठी वापरता येणाऱ्या पॉइंट्सच्या) रूपाने एकाच विमान कंपनीच्या खात्यात आणीन आणि आई-बाबांची सिंगापूरची तिकिटे काढीन. तसे झालेले नाही. मात्र एका साखळीतून निघून मध्येच हरवलेले ४२,००० पॉइंट्स काल सकाळी हॉटेलच्या खात्यात परत दिसले आणि ते कशामुळे अडकले होते हेही आता पुरते उलगडले आहे.

ट्रान्सफर केल्याच्या रात्रीच हॉटेलच्या खात्यातील बॅलन्स शून्य झाला होता. विमान कंपनीच्या खात्यात मात्र दहा दिवसांनीही काही जमा झाले नाही. दोन्हीकडे फोन केले. हॉटेलवाले म्हणाले पाठवले, विमानवाले म्हणाले पोचले नाहीत. पाचव्या फोनवर एका मुलीने दोन्ही खात्यांतील नावे मला अक्षर-अक्षर वाचून दाखवली, तेव्हा उलगडा झाला. आमच्या आडनावातला 'क' पासपोर्टवर 'सी'ने लिहिलेला आहे आणि हॉटेलच्या खात्यात 'के'ने. बाबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, पोर्तुगीज अमलातला. त्या लिखाणात 'के' हे अक्षर वापरतच नसत, त्यामुळे नोंदवहीत आडनाव 'सी'ने उतरले, तिथून माझ्या जन्मदाखल्यात आले आणि दाखल्यातून पासपोर्टवर. शाळेत मात्र गुरुजींनी 'के' लिहिला, तोच बँकेत आणि वेर्ण्याच्या कंपनीत चालू राहिला, आणि कंपनीच्या कामासाठी केलेल्या मुक्कामांमुळे हॉटेलच्या खात्यांतही तोच बसला. गोव्यात ज्यांच्या घरी अशी दोन स्पेलिंगे नांदत आहेत, त्यांनी एकही पॉइंट हलवण्यापूर्वी दोन्ही खात्यांतील नावे शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उपाय अखेर फोंड्यातच सापडला. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतले, त्याला पासपोर्ट आणि जन्मदाखल्याची प्रत जोडली आणि सगळे एकाच पीडीएफमध्ये ईमेलने पाठवले. दाखल्याच्या झेरॉक्सवर बाबांच्या आडनावातला तो शाईचा गोलसर 'सी' अगदी ठळक उमटला आहे. फोनवरून तीन आठवड्यांत जे हलले नव्हते, ते या ईमेलनंतर सहा दिवसांत मार्गी लागले. चॅटपेक्षा आणि फोनपेक्षा कागद जोडलेला ईमेल अधिक भरवशाचा, हे माझे मत आता पक्के झाले आहे. सगळी खाती एकत्र दाखवतो म्हणून पासवर्ड मागणारी ॲप्स मी वापरत नाही आणि पॉइंट्स विकत घेणाऱ्या दलालांच्या वाटेला तर कोणीच जाऊ नये. पॉइंट्सची विक्री नियमांत बसत नाही आणि त्यापायी खातेच बंद होऊ शकते.

या खटाटोपात महिना गेला, पण त्यामुळे सगळा हिशोब पुन्हा मांडायला सवड मिळाली. हिल्टन या हॉटेल-साखळीचे १०,००० पॉइंट्स दिले की बहुतेक विमान कंपन्यांत १,००० माइल्स पदरात पडतात आणि आयएचजी या दुसऱ्या साखळीचे तेवढेच दिले की २,०००. मॅरियट बॉनव्हॉयचे (मॅरियट हॉटेलांच्या पॉइंट्स-योजनेचे) प्रमाण बहुतेक ठिकाणी ३ ला १ आहे. ६०,००० एकरकमी पाठवले तर अनेक कंपन्यांत ५,००० माइल्स वर मिळून २५,००० होतात, पण तेच दोन हप्त्यांत पाठवले तर ही भर मिळत नाही. माझ्याकडे बॉनव्हॉयचे ६४,००० आहेत आणि ते पाठवायचे असे ठरलेही होते. तरीही त्याच पॉइंट्सवर सलग पाच रात्री राहिल्यास चारच रात्रींचे पॉइंट्स लागतात, हे लक्षात घेता ते माइल्समध्ये घालवणे मला आता पटत नाही.

हे लिहीत असतानाच आणखी एक गोष्ट सुचली. वास्कोला राहणाऱ्या दादाकडे हिल्टनचे पॉइंट्स नुसतेच पडून आहेत. हिल्टनमध्ये पूलिंगला, म्हणजे दोन खात्यांतील पॉइंट्स एकत्र करायला, शुल्क लागत नाही, त्यामुळे दहास एक या दराने माझे ४०,००० देऊन अवघे ४,००० माइल्स घेण्यापेक्षा दोघांचे पॉइंट्स एकत्र करून आईला कांदोळीच्या हिल्टनमध्ये दोन रात्री न्यावे. घराजवळचे हॉटेल तिला कितपत रुचेल याची मला शंका होती, म्हणून आत्ताच स्वयंपाकघरात जाऊन विचारले. ती म्हणाली, दोन दिवस मला चुलीपाशी उभे राहावे लागणार नसेल तर कांदोळीसुद्धा लांबच आहे.

तेव्हा सिंगापूर पुढच्या वर्षावर गेले. आयएचजीच्या खात्यावर बारा महिने काही हालचाल झाली नाही तर एलिट स्टेटस (वारंवार राहणाऱ्यांना मिळणारा वरचा दर्जा) नसलेल्यांचे पॉइंट्स बाद होतात आणि माझे अकरा महिने उलटले आहेत, म्हणून तिथली एक अवॉर्ड नाइट (पॉइंट्स देऊन मिळणारी रात्र) याच आठवड्यात बुक करतो. परत आलेले ४२,००० आहेत तिथेच राहतील. त्या खात्यातले नाव 'सी'ने करून मिळावे असा अर्ज आज सकाळी पाठवला आहे.