डाव्या हातात परजीवी, उजव्या हातात पांढऱ्या पेशी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी नऊ वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. पावसाळा लागला की आशाताई आणि हिवताप कर्मचारी रक्तनमुन्यांचे गठ्ठे आणून ठेवायचे आणि मी सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सगळ्यांत घातक परजीवी, आमच्या भागाच्या पाचवीलाच पुजलेला. त्यामुळे नवऱ्याच्या नोकरीसाठी उत्तर घानातल्या तमाले शहरात आल्यावर तिथल्या एका मलेरिया संशोधन प्रकल्पाला रक्तलेपाच्या काचपट्ट्या वाचणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा वाटलं, हे तर आपलं रोजचंच काम.

पहिल्या चाचणीत मी नापास झाले.

चाचणी तीन दिवसांची होती, एका पट्टीला १० मिनिटं. परजीवी आहे की नाही, कुठली प्रजाती, आणि किती, अशी तीन उत्तरं द्यायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पहिल्या श्रेणीसाठी परजीवी आहे-नाही सांगण्यात ९० टक्के, प्रजाती ओळखण्यात ९० टक्के, आणि मोजणीत निदान निम्म्या पट्ट्यांवर खऱ्या आकड्याच्या २५ टक्के आत-बाहेर, एवढं जमावं लागतं. माझं पहिलंच उत्तर कमी पडलं होतं, आणि तेही परजीवी सुटले म्हणून नव्हे. ज्या पट्ट्यांवर काहीच नव्हतं, त्यातल्या बऱ्याच मी पॉझिटिव्ह लिहिल्या होत्या.

आमचे प्रशिक्षक साठीच्या पुढचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. माझा कागद समोर ठेवून म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला शून्य लिहायची भीती वाटते."

खरंच वाटत होती. गावाकडे शंका आली की मी पॉझिटिव्ह लिहायचे. चार गोळ्या जास्त गेल्या तरी चालतील, पण एखादं मूल हातचं जाऊ नये, हा हिशोब. त्या जागी तो बरोबरच होता असं मला आजही वाटतं. पण इथे एखादी लस किंवा औषध किती उपयोगी पडतं हे त्याच पट्ट्यांवरून ठरणार होतं. नसलेला परजीवी लिहिला की चांगली लस निकामी दिसणार.

त्यात जानेवारी महिना. सहाराकडून हरमटन वारा सुटला होता. कपड्यांवर, भांड्यांवर, वाळत घातलेल्या रक्तलेपांवर, सगळीकडे बारीक पिवळसर धूळ. ती धूळ आणि लेप रंगवायच्या गिम्सा नावाच्या रंगाचा साका जाड लेपात हुबेहूब परजीवीसारखा दिसतो. प्रशिक्षकांनी माझं बोट बारीक फोकसच्या चाकावर ठेवलं आणि हळूच पुढे-मागे फिरवायला लावलं. पांढरी पेशी स्पष्ट दिसते त्याच पातळीवर लाल ठिपका आणि त्याला लागून निळा भाग दिसला तर तो परजीवी. वरच्या पातळीवर चमकून जाणारं, नुसतं काळं, ते सोडून द्यायचं. पुढचे कित्येक दिवस मी रोज फक्त निगेटिव्ह पट्ट्या वाचत होते. शून्य लिहिण्याआधी जाड लेपाची निदान १०० क्षेत्रं, म्हणजे मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसणारे गोल तुकडे, पाहायची. मी २०० पाहायचे. मान आखडायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण हात शून्य लिहायला शिकला.

मग मोजणी. आमच्या केंद्रात अधिकची चिन्हं चालत. एक अधिक, दोन अधिक, फार झालं तर चार. इथे डाव्या हाताच्या काउंटरवर परजीवी आणि उजव्या हाताच्या काउंटरवर पांढऱ्या पेशी. २०० पांढऱ्या पेशी होईपर्यंत शंभर परजीवी मिळाले तर थांबायचं, नाही मिळाले तर ५०० पेशींपर्यंत जायचं. एका मायक्रोलिटर रक्तात ८००० पांढऱ्या पेशी धरून गुणाकार करायचा. केळ्याच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे डासाकडे जाणारी परजीवीची अवस्था, यात धरायचे नाहीत. मलेरियाच्या लसींच्या मोठ्या चाचण्यांत मुलाला ताप आहे आणि मायक्रोलिटरमागे ५००० हून जास्त परजीवी आहेत, तेव्हाच आजार धरलेला आहे. २०० पेशींमागे १२५ परजीवी म्हणजे बरोबर ५०००. तिथे चार-पाच परजीवी इकडेतिकडे झाले तरी मूल रेषेच्या दुसऱ्या बाजूला जातं. म्हणूनच प्रत्येक पट्टी दोघं वाचतात, एकमेकांचा आकडा न पाहता, आणि फरक जास्त पडला तर तिसरा.

ही रेषा कशाला हवी हे मला पावसाळ्यात कळलं. जुलैत आरोग्य सेविकांबरोबर एका वस्तीत गेले होते. सकाळची वेळ, प्रत्येक अंगणात "दासिबा" म्हणजे सकाळचा नमस्कार म्हणायचा आणि आतून "नाऽ" येईपर्यंत थांबायचं. तीन महिने ते पाच वर्षांच्या मुलांना पावसाळ्याच्या महिन्यांत दर महिन्याला प्रतिबंधक औषध देतात. पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडियाक्विन समोर बसून पाजायचं, पुढचे दोन दिवस अमोडियाक्विन आईने. एका आजीने पेल्यात गोळी विरघळवून नातवाला पाजली, त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि निम्मं औषध तिच्या लुगड्यावर उलटून आलं. सेविका काही न बोलता दुसरी मात्रा विरघळवायला बसली. आजीला चांगली समज होती. तिने स्वतःच बोटांवर मोजून उद्या आणि परवा असं दाखवलं.

प्रकल्पासाठी आम्ही दुसऱ्या वस्तीतल्या, अंगणात टायर पळवणाऱ्या मोठ्या मुलांचे बोट टोचून नमुने घेतले. कुणालाही ताप नव्हता. तरी एका मुलाच्या पट्टीवर ५०० पांढऱ्या पेशींमागे ४० परजीवी निघाले, म्हणजे ६४०. ठरल्याप्रमाणे त्याला औषध मिळालं. पण वर्षानुवर्षं डास चावून चावून या मुलांची शरीरं थोडे परजीवी पचवायला शिकलेली असतात. असं मूल सर्दीच्या तापाने आलं तरी माझ्या जुन्या पद्धतीने ते मलेरियाचा रुग्ण ठरलं असतं. झटपट चाचणीची पट्टी तर उपचारानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहते, तिच्यावर संशोधन उभं राहत नाही.

प्रजातींचा गोंधळही होताच. आपल्याकडचा व्हायव्हॅक्स, मलेरियाची दुसरी प्रजाती, इथे जवळजवळ नाही, कारण इथल्या बहुतेकांच्या लाल पेशींवर डफी नावाचं प्रथिनच नसतं आणि त्याशिवाय व्हायव्हॅक्सला आत शिरता येत नाही. मी मात्र पहिल्या चाचणीत ओव्हेल या तिसऱ्या प्रजातीला व्हायव्हॅक्स लिहून आले होते. लांबट पेशी आणि तिची फाटकी कड आता लांबूनही ओळखते.

शेजारच्या बुर्किना फासोमधल्या नानोरोत ४५० बालकांवर झालेल्या मलेरियाच्या आर२१ लसीच्या चाचणीत, २०२१ मध्ये, लसीचा परिणाम वाढवणाऱ्या सहायक घटकाची जास्त मात्रा मिळालेल्या गटात ७७ टक्के परिणामकारकता दिसली. ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि एप्रिल २०२३ मध्ये तिला परवानगी देणारा घाना हा जगातला पहिला देश. ही बातमी मी पूर्वी वाचली होती, तेव्हा अभिमान वाटला तो पुण्याचा. आता तो ७७ आकडा पाहिला की काउंटर दाबणारी बोटं डोळ्यांपुढे येतात.

दुसरी चाचणी सप्टेंबरात झाली. परजीवी ओळखण्यात ९५, प्रजातीत ९२, मोजणीत ५८. प्रशिक्षकांनी कागदावर सही केली आणि त्याच हाताने त्या दिवसाच्या पट्ट्यांचा ट्रे माझ्याकडे सरकवला. पहिल्याच पट्टीवर मी २०० क्षेत्रं पाहिली आणि शून्य लिहिलं.