केशराच्या खोलीतलं दव

ऑक्टोबरचा उकाडा, आणि देवगडच्या बाजूने काम आलं ते घरात केशर फुलवायच्या गार खोलीचं. साधारण दहा बाय बाराची चिऱ्याच्या भिंतींची खोली, आतून थर्माकोल आणि प्लायवूड, दीड टनाचा स्प्लिट एसी, हवेत धुकं सोडून ओलावा वाढवणारा एक ह्युमिडिफायर आणि रॅकवर लाकडी ट्रे. ट्रेमध्ये माती नाही, नुसते कंद ओळीने उभे. "एसी सोळार ठेवलंय, तरी बुरशी कशी येता?" हा मालकांचा पहिला प्रश्न.

बुरशी सगळीकडे नव्हती. एसीच्या झोतासमोरचा रॅक आणि दाराजवळचे खालचे ट्रे, एवढ्याच ठिकाणी कंदांच्या सालीवर हिरवट-राखाडी थर होता. कोंबाचं पांढरं टोक बोटभर वर येऊन तपकिरी पडलेलं. मधले रॅक ठणठणीत. औषध कमी पडलं असतं तर बुरशीने अशी जागा निवडली नसती. हे पाण्याचं काम होतं.

केशराची कळी कंदाच्या आत तयार होते ती २३ ते २७ अंशांत. ती बाहेर यायला मात्र १५ ते १७ अंशांचा गारवा लागतो, आर्द्रता ८०-८५ टक्क्यांच्या आसपास. १७ अंश आणि ८५ टक्के असताना दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो, येतो साडेचौदा अंशांला, म्हणजे कंद अडीच अंशांनी जास्त गार झाला की त्यावर दव. आर्द्रता ९५ वर गेली की हे अंतर एक अंशही उरत नाही. सगळा खेळ या अडीच अंशांचा.

म्हणून आधी आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर तपासला. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात ओलसर लगदा होईल इतकंच पाणी, आणि ते झाकण हायग्रोमीटरसोबत घट्ट डब्यात, खोलीबाहेर रात्रभर. २५ अंशांच्या आसपास काटा ७५ वर यायला हवा. याचा ६६ वर. म्हणजे तो ८५ दाखवत होता तेव्हा खोलीत खरे ९४ होते, आणि ह्युमिडिफायर त्याच्याच भरवशावर धुकं सोडत होता. स्वस्तातले हायग्रोमीटर कोकणच्या हवेत असेच सरकतात. हंगामाआधी ही मिठाची चाचणी करावीच.

दुसरी गोष्ट दार. बाहेर ३२ अंश, ७० टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. १७ अंशांची हवा साडेचौदा ग्रॅमच धरते. खोली तीस घनमीटरची. दार उघडं ठेवून अर्धी हवा बदलली तर दीडेकशे ग्रॅम पाणी, म्हणजे पेलाभर, थंड ट्रेंवर आणि कंदांवर बसणार. केशर बघायला अख्खी वाडी येत होती, दुपारीच, आणि दार सताड. शिवाय एसीच्या नळीचं भोक तसंच उघडं.

तिसरी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला पंखा चालूच राहिला तर कॉइलवर, म्हणजे एसीतल्या गार नळ्यांवर, साचलेलं पाणी तो परत खोलीत फेकतो. कॉम्प्रेसर चालू असताना आर्द्रता साठापर्यंत उतरायची, थांबला की नव्वदीपार. त्यात झोतातले कंद आधीच गार झालेले.

दुरुस्ती साधी होती. पंखा कॉम्प्रेसरबरोबर थांबेल अशी जोडणी केली. झोत छताकडे वळवला. हवा फिरवायला छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून लावला, कंदांवर थेट वारा नको. नवा सेन्सर मधल्या रॅकवर ट्रेच्या उंचीला. ह्युमिडिफायर ७८ ला चालू, ८२ ला बंद, आणि त्यात आरओचंच पाणी, कारण बोअरच्या पाण्याची पांढरी पूड कंदांवर बसते. भोक फोमने बुजवलं. पडवीला प्लास्टिकचं दुसरं दार लावलं: एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

सडलेले कंद हातमोजे घालून जागच्या जागी पिशवीत भरले. ते ट्रे खोलीत झटकले असते तर बुरशीची पूड सगळीकडे झाली असती. फवारणी करू दिली नाही. कोंब निघाल्यावर कंद ओला करणं म्हणजे पुन्हा तेच. बाहेरच्या युनिटच्या पात्यांवर खाऱ्या हवेची पांढरी पुटं होती, ती गोड्या पाण्याने धुतली. इथे हे पंधरवड्याला करावं लागतं, नाहीतर एसी सतराला पोचतच नाही.

मधल्या रॅकवर फुलं आली. झोतासमोरच्या रॅकवर मोजकीच, अडकलेली कळी पुन्हा उठत नाही. ग्रॅमभर सुक्या केशराला दीडशेच्या आसपास फुलं लागतात, तेव्हा एका रॅकचं नुकसान किती ते मालकांनीच हिशेब करून पाहिलं. त्यांना एक गोष्ट आणखी सांगून ठेवली, जी कंद विकणारे सहसा सांगत नाहीत: फुलं झाल्यावर कंद मातीत लावून पोसायला महिनोन्‌महिने थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. आठ ग्रॅमच्या खालचा कंद सहसा फुलत नाही. तेव्हा दरवर्षीच्या नव्या कंदांचा खर्च वीजबिलाच्या शेजारी मांडूनच दुसरी खोली बांधायची का ते ठरवा.