तुम्ही विचारलंत म्हणून: नदीतली मगर आणि शेडमधली कोंबडी

"डॉक्टर, आपल्या कृष्णेतली मगर म्हंजे डायनासोरच की ओ?"

भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या कुठल्याही गावात गेलो की चहाच्या आधी हा प्रश्न येतो. मी पशुवैद्य, त्यातही निम्म्याहून जास्त काम पोल्ट्रीचं. मगरीशी माझा संबंध आयर्विन पुलावरून वाकून बघण्यापुरता. पण जनावरांचा डॉक्टर म्हटल्यावर सगळी जनावरं आलीच. मागच्या महिन्यात एका आप्पांना म्हटलं, "मगर नव्हं आप्पा, डायनासोर तुमच्या शेडमध्ये हायत. पाच हजार." आप्पा हसले, पण डॉक्टरला ऊन लागलंय असंच त्यांना वाटलं असणार. म्हणून जरा सविस्तर.

मगर डायनासोरच्या पोटची नाही, भावकीतली आहे. साधारण 24-25 कोटी वर्षांपूर्वी एका घराच्या दोन वाटण्या झाल्या. एकीकडं मगरीचं घराणं गेलं, दुसरीकडं डायनासोरचं. 6.6 कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपले म्हणतात ते अर्धंच खरं. त्यांची एक शाखा उरली, तिला आपण पक्षी म्हणतो. म्हणजे आज हयात असलेल्यांत मगरीला सगळ्यात जवळचं कोण, तर पाल नाही, घोरपड नाही, पक्षीच. पालीच्या हृदयाला तीन कप्पे, मगरीला आणि कोंबडीला चार. मगरीचं पिल्लू फुटायच्या आधी अंड्यातूनच आवाज देतं, आई वाळू उकरते आणि पिल्लं तोंडात धरून पाण्यात सोडते. खुडूक कोंबडी कधी अंगावर धावून आली असेल तर हा स्वभाव ओळखीचा वाटेल.

दिसण्यावर जाऊ नका, पायांकडं बघा. पालीचे पाय कोपरात वाकून बाजूला फाकलेले, कोंबडीचे थेट अंगाखाली, खांबासारखे. डायनासोरचेही तसेच. रविवारी रस्सा कराल तेव्हा कंबरेचं हाड चाटूनपुसून बघा: मांडीचं हाड ज्या वाटीत बसतं तिला तळच नाही, आरपार भोक. डायनासोरची हीच खूण. मानेच्या बुडाशी गलोलीच्या बेचक्यासारखं हाड असतं, ते टायरॅनोसॉरस नावाच्या डायनासोरलाही होतं. आणि 1996 मध्ये चीनमधून पिसांसारखी लव असलेला डायनासोर पुढं आल्यावर पक्षी डायनासोरचेच की नाही या वादात फारसा दम राहिला नाही. सगळ्यांनाच पिसं होती असं मात्र नाही. लांब मानेच्या धिप्पाड गड्यांचे कातडीचे जे ठसे मिळालेत ते खवल्यांचे आहेत.

पण माझी खात्री पटली ती हाडांवरून नाही, आजारावरून.

मरतूक वाढली की आम्ही मेलेला पक्षी फाडून बघतो. कोंबडीचं फुप्फुस एवढंसं, बरगड्यांना चिकटलेलं. खरा कारभार त्याला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांचा, ज्यांना शेडवर सगळे एअर सॅक म्हणतात. निरोगी पक्ष्यात त्या मिठाईच्या खोक्यावरच्या कागदासारख्या पारदर्शक, बोट लावलं की फाटतील अशा. त्या हाडांतसुद्धा शिरतात. खाली टाकलेल्या तुसाला बुरशी धरली की याच पिशव्यांवर बाजरीच्या दाण्याएवढे पिवळट ठिपके दिसतात, आणि शेडमध्ये पक्षी चोच वासून धापा टाकतात.

आता हे ऐका. अमेरिकेत मोंटाना राज्यात एक लांब मानेचा डायनासोर सापडला, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा. संशोधकांनी नाव ठेवलं डॉली. तिच्या मानेच्या मणक्यांवर, बरोबर जिथं एअर सॅक चिकटायच्या तिथं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ होती. 2022 मध्ये त्यांनी निदान छापलं: श्वसनाचा संसर्ग, एअर सॅकमधून हाडापर्यंत गेलेला. संशय बुरशीवर. मी ते वाचलं त्याच आठवड्यात विट्याकडं एका शेडवर ओलं तूस बाहेर काढायला लावलं होतं. निदान करताना मी जे जे बघतो, तेच त्यांनी दगडात बघितलं होतं.

दुसरी गोष्ट लेअरवाल्यांसाठी, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी. कोंबडी अंड्यावर यायच्या सुमाराला पायाच्या हाडांच्या पोकळीत चुन्याचा जादा साठा करते आणि रात्री कवच घडवताना त्यातून उचल घेते. तरीही कमी पडतं, म्हणून आपण शिंपल्याचा चुरा टाकतो. 2005 मध्ये जीवाश्मांच्या अभ्यासक मेरी श्वाइट्झर यांनी एका टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात तसलाच थर दाखवला. म्हणजे ती मादी, आणि अंड्यावर आलेली. मगर असा साठा करत नाही.

जाता जाता, पोरं विचारतात की आपल्या डोंगरात हाडं सापडतील का. आपला काळा दगड म्हणजे लाव्हा, त्यात हाड कुठलं टिकायला. त्यासाठी चंद्रपूरकडं पिसदुऱ्याला जावं लागेल.

आप्पांना डॉलीची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग तंबाखू मळत म्हणाले, "असल्या जनावराला औषध पाण्यातनं द्यायचं का खाद्यातनं?"

पाण्यातनं, आप्पा. आजारी पक्षी खाद्य सोडतो, पाणी पीत राहतो.