बारा नऊ की बारा सत्तावीस?

सकाळी साडेसातला पुण्यातल्या त्या कार्यालयात पोहोचलो तेव्हा बोहल्याला झेंडूच्या माळा निम्म्या चढल्या होत्या आणि खाली दोन गृहस्थ हातात एकेक लग्नपत्रिका घेऊन उभे होते. लग्न एकच. मुलाकडच्या पत्रिकेवर मुहूर्त दुपारी १२ वाजून २७ मिनिटांनी, मुलीकडच्या पत्रिकेवर १२ वाजून ९ मिनिटांनी. निम्मं वऱ्हाड अठरा मिनिटं आधी ताटकळणार, हे तर उघडच होतं.

मुलगी नागपूरची. तिचे काका म्हणाले, "आमच्या जोशीबुवांनी काढून दिला न जी मुहूर्त. त्यांचं गणित नाही चुकत." मुलाचे वडील म्हणाले, "अहो गुरुजी, सत्तावीसचा तुम्हीच काढून दिलाय. आता तुम्हीच काय ते सांगा."

दोन्ही मुहूर्त बरोबर आहेत, असं म्हटल्यावर दोघांचेही चेहरे पडले. भांडायचं तर कुणीतरी चुकलेलं लागतं.

लग्न म्हणजे मुळात त्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. बारा राशी चोवीस तासांत उगवतात, म्हणजे एक लग्न सरासरी दोन तासांचं. त्याचे नऊ भाग केले की नवमांश, सरासरी तेरा मिनिटांचा. कुंभ आणि मीन आपल्याकडे भराभर उगवतात, तिथे नवमांश साडेदहा-अकरा मिनिटांतच आटोपतो. इथे कुंभ लग्नातला पहिला, तुळेचा नवमांश धरला होता. पुण्यात तो त्या दिवशी १२.२५ ला लागून १२.३५ च्या सुमाराला संपत होता. लागल्यावर दोन मिनिटं जाऊ द्यायची म्हणून १२.२७. पत्रिकेवरच्या विचित्र आकड्यामागे एवढंच असतं, पण तो छापून आला की २८ व्या मिनिटाला आभाळ कोसळणार असं लोक धरून चालतात.

आता नागपूर. ते पुण्याच्या पूर्वेला सव्वापाच अंश आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथे तीच रास २१ मिनिटं आधी उगवायला हवी. पण नागपूर अडीच अंश उत्तरेलाही आहे आणि कुंभ ही दक्षिणेकडे कललेली रास, त्यामुळे तिथे तिला पावणेतीन मिनिटं उशीर होतो. एकवीसमधून पावणेतीन गेले, उरले अठरा. जोशीबुवांचं गणित चोख होतं. लग्न पुण्यात आहे हे मात्र त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. काकांच्या फोनमधल्या पंचांगातही गाव नागपूरच होतं. ते बदलून पुणे केलं आणि १२.०९ ला कुठलं लग्न दिसतं ते बघायला सांगितलं. मकर! काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

हे वरचेवर घडतं. मुहूर्त विचारणारे नावं सांगतात, राशी सांगतात, हॉल वातानुकूलित आहे हेही सांगतात, गाव सांगायचं राहून जातं. मुंबईसाठी काढलेली वेळ नागपुरात वापरली तर नुसत्या रेखांशानेच पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. तो नवमांश तिथे केव्हाच उलटलेला असतो.

"समजलं," काका म्हणाले, "पण आमच्या तीनशे घरी पत्रिका गेल्यात. नऊला काहीच नाही झालं तर लोक म्हणतील वेळ टळली." रास्त होतं. मग ठरलं असं की बरोबर १२.०९ ला मामांनी मुलीला गौरीहरापासून उठवून बोहल्याकडे आणायचं. वाजंत्री वाजेल, लोक उभे राहतील, नागपूरकरांना मुहूर्त साधल्यासारखं वाटेल. अक्षता पडतील सत्तावीसला. मधली अठरा मिनिटं भरून काढायची ती मंगलाष्टकांनी. मुलाचे वडील म्हणाले, "म्हणजे दोन मुहूर्त?" मी म्हटलं, मुहूर्त एकच, वाजंत्री दोनदा.

हा घोळ रविवारीच जास्त होतो, त्यालाही कारण आहे. पूर्वी मुहूर्त निघायचा आणि मग कार्यालय शोधायचे. आता फोन येतो तो असा, "गुरुजी, हॉल रविवारचा मिळालाय, तेवढा मुहूर्त बसवा." तुळशीची लग्नं लागली की मार्गशीर्षातल्या रविवारांवर उड्या पडतात. शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजन, त्यावर संगीत, संगीत रात्री एकला संपणार आणि रविवारी साडेसहाला हळद. नवरी हळदीला बसल्या बसल्या पेंगते आणि करवल्या तिचा फोटो काढतात. मंगळवारचा उत्तम मुहूर्त सुचवावा तर पलीकडून थोडा वेळ आवाजच येत नाही आणि मग हळूच, "सुट्टी नाही ना गुरुजी." आमचा वीकेंड म्हणजे अमावास्या. शिवाय आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नं अगदीच थोडी, ती आमची मोठी सुट्टी.

नऊच्या सुमाराला खरी अडचण पुढे आली. मुलीचे वडील नाहीत. कन्यादान काका-काकू करणार असं ठरल्याचं मला फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात मुलगी म्हणाली, "आईच करेल." एक वयस्कर आत्या लगेच पुढे झाल्या. सवाष्णीचं काम आहे, आईने हळदीलाही हात लावला नाही, आता उगाच अपशकुन कशाला. आई भिंतीशी उभी होती, हातात मुलीच्या मुंडावळ्या तशाच धरलेल्या.

अशा वेळी पुरोहिताने तत्त्वज्ञान सांगू नये. ग्रंथ काय म्हणतो तेवढं सांगावं. याज्ञवल्क्य स्मृतीच्या पहिल्याच अध्यायात कन्यादान कुणी करायचं याची यादी आहे: पिता, पितामह, भाऊ, कुळातला पुरुष आणि आई. आई शेवटी का होईना, यादीत आहे. नवरा हयात असलेलीच आई, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. आत्यांनी विचारलं, "पण आपल्यात करतात का?" करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसंच करायला सांगितलं. काका मध्ये पडले, "वहिनीच बसतील." विषय संपला. मुलीच्या हातावर पाण्याची धार सोडताना आईचा हात स्थिर होता, हलला तो काकांचा.

अक्षतांचं एक सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त कपडे तिथे खराब होतात. पाचशे माणसांना पाच किलो तांदूळ धरावेत. अक्षत म्हणजे न तुटलेला, म्हणून कणी चालत नाही. कुंकू पाण्यात कालवून लावलं की तांदूळ ओला राहतो, मुठीत चिकटतो आणि नवरदेवाच्या क्रीम रंगाच्या शेरवानीवर लाल ठिपके उठतात. किलोला चमचाभर तेल चोळायचं, मग दोन चमचे कोरडं कुंकू, आणि तासभर परातीत पसरून ठेवायचं. दुसरी गफलत वाटपाची. प्रत्येक 'सावधान'ला लोक मूठ रिकामी करतात, पाचव्या मंगलाष्टकापर्यंत हातात काही उरत नाही आणि खऱ्या क्षणी सगळे नुसतेच हात हलवतात. म्हणून निम्म्या अक्षता राखून ठेवायच्या आणि करवल्यांना शेवटच्या दोन मिनिटांत दुसरी फेरी मारायला सांगायची.

१२.०९ ला मामा मुलीला घेऊन आले. तांदळाच्या दोन राशींवर दोघं उभी राहिली, मध्ये अंतरपाट धरला. नवं धोतर, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. धरणाऱ्यांना एवढंच बजावायचं असतं की हात छातीच्या वर ठेवा. अठरा मिनिटांत हात दुखून कापड खाली येतं आणि फोटोत नवरा-नवरी मुहूर्ताआधीच एकमेकांकडे बघताना दिसतात. इथे दोघांऐवजी चौघं लावले, पाळीपाळीने.

मंगलाष्टकं ही लवचीक वस्तू आहे. घड्याळं नव्हती तेव्हा पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायचे. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटं. घटिका भरेपर्यंत लोकांना धरून ठेवायला श्लोक, आणि तो क्षण निसटू नये म्हणून 'सावधान'. नेहमीचे आठ श्लोक संथ चालीत म्हटले तर सहा मिनिटं होतात. उरलेली मिनिटं घरच्या कवींची. दोन मावश्या आणि एक आत्या, प्रत्येकी चार मिनिटं, असा माझा हिशेब होता.

मावश्यांनी वेळ पाळली. आत्यांच्या कागदावर मात्र अकरा कडवी निघाली, आणि त्यात घरातल्या यच्चयावत भाचरांची नावं यमकात बसवलेली. १२.२७ उलटले तेव्हा त्या सातव्या कडव्यावर होत्या. मुलाच्या वडिलांनी मला घड्याळ दाखवलं. मी दोन्ही हातांची पाच-पाच बोटं दाखवली, म्हणजे पस्तीसपर्यंत जागा आहे. त्यांना वाटलं अजून दहा कडवी आहेत. नवव्या कडव्याला वाजंत्रीवाल्यांना खूण केली. सनईच्या एका सुरात आत्यांची कडवी लवकर आटोपली.

मग मी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' म्हटलं. हा श्लोक आम्ही अखेरीस ठेवतो. देवाच्या चरणांचं स्मरण होतं तेच शुभ लग्न, तोच चांगला दिवस, ताराबळ आणि चंद्रबळही तेच, असा त्याचा अर्थ. ज्या श्लोकाने सगळं पंचांग बाजूला ठेवलं, नेमका तोच चालू असताना सहाशे माणसं मनगटाकडे बघत असतात. अंतरपाट दूर झाला तेव्हा १२ वाजून ३१ मिनिटं झाली होती. तूळ नवमांश शाबूत होता. काकांनी फोनवर तपासला.

मंगळसूत्र बांधताना ओवणीचा दोरा तुटला. चार काळे मणी पाटावर सांडले, आणि पहिल्या रांगेत कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. विहीणबाई पांढऱ्या पडल्या. यात अपशकुन शोधू नये, सोनाराकडे बघावं. नवी मंगळसूत्रं जड वाट्यांची आणि बारीक दोऱ्याची करतात, वर आदल्या दिवशी पाच जणी घालून बघतात. दोरा वाटीच्या कडीशी झिजतो. माझ्या पिशवीत काळी पोत कायम असते. दोन्ही वाट्या तिच्यात ओवल्या आणि बांधलं. तीन मिनिटांचं काम. नवरा मुलगा खाली वाकून मणी गोळा करत होता. "चारच ना?" त्याने विचारलं. चारच होते.

होमाला एसी बंद ठेवावा लागतो. झोताने ज्वाळा आडवी होते आणि धूर सरळ छतावरच्या यंत्राकडे जातो. कुंडाखाली विटा, विटांवर दोन बोटं वाळू, नाहीतर गालिचा जळतो. कापूर पेटवण्यापुरता, एरवी साजूक तूप. कापराचा ढीग केला की काळा धूर आणि नवरीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर. लाह्या पाव किलो पुरतात. भावाने ओंजळीत घालायच्या, बहिणीने अग्नीत सोडायच्या. इथे भाऊ बुफेच्या रांगेत होता, त्याला हातात ताट असलेला तसाच पकडून आणला.

सप्तपदीला मी माणसं मोजली. सतरा, त्यातले दोन छायाचित्रकार. हिंदू विवाह कायदा, १९५५, त्याचं कलम ७ सांगतं की सप्तपदी असलेल्या पद्धतीत सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. नुसत्या प्रमाणपत्राने तो होत नाही, विधी व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सांगितलं. बारा नऊ आणि बारा सत्तावीस यांवरून सकाळी एवढं रण माजलं, आणि ज्या पावलाला लग्न खरोखर लागलं ते १ वाजून ५० मिनिटांनी पडलं, शेजारच्या दालनात जिलबी संपल्याची ओरड चालू असताना. त्या वेळी कुठलं लग्न होतं हे कुणीही विचारलं नाही.

तीनला विवाह नोंदणीचा अर्ज माझ्या सहीला आला. नव्वद दिवसांत द्यायचा असतो, तीन साक्षीदार लागतात. काकांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"गुरुजी, वेळ कुठे लिहायची?"

वेळेला रकाना नाही, मी म्हटलं, तारीख आणि ठिकाण.

"ठिकाण पुणेच लिहितो न?" असं म्हणून त्यांनी ते ठळक अक्षरांत लिहिलं. तोवर हॉलचा माणूस केरसुणी घेऊन बोहल्यापाशी येऊन उभा राहिला होता. संध्याकाळचं लग्न सहाला होतं आणि तांदूळ सगळीकडे झाला होता.