लोणारला खाली उतरायचं कशाला?

"लोणारला पाहायचं काय? काठावरून तळं दिसतं, फोटो काढला की झालं. खाली कशाला उतरायचं?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आज नीट बसून सांगते.

एका डिसेंबरात जालन्याला चुलतभावाकडे साखरपुड्याला गेले होते. कार्यक्रम शुक्रवारी उरकला आणि परतीचं तिकीट होतं रविवारी रात्रीचं. शनिवारी सकाळी चहा ओतता ओतता वहिनी म्हणाली, "ताई, इतक्या जवळ येऊन लोणार न बघताच जाणार तुम्ही?" तासाभरात आम्ही तिघं गाडीत. स्वेटर, भाकरी, ठेचा, बस्स. वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी थोडं रेंगाळलो आणि दुपार कलल्यावर लोणारच्या काठावर पोचलो.

खरं सांगते, पहिल्यांदा पाहून मी हिरमुसले. खाली हिरवट पाणी, भोवती झाडी, समोरचा काठ धुरकट. हे विवर, म्हणजे ज्याच्या तळाशी तळं आहे तो वाटोळा खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, पण सगळं एका नजरेत मावतं आणि म्हणूनच लहान वाटतं. बरेच जण इथूनच परत फिरतात. आम्हीही फिरलो असतो, पण अंधार पडायला आला होता, म्हणून भावानं राहायला खोली पाहिली. तेवढ्यामुळे मला लोणार दिसलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एक वाटाड्या सोबत घेऊन धारेपासून उतरायला लागलो. धार म्हणजे काठावरचा गोड्या पाण्याचा बारमाही झरा. मला वाटलं होतं, खाली वारा लागणार नाही, ऊब येईल. झालं उलटंच. दर वळणावर गारठा वाढत गेला, वहिनीनं शाल डोक्यावरून घेतली. निरभ्र रात्री उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि सावकाश तळाशी जाऊन साचते. थंडीतल्या पहाटे हे विवर असं गार हवेनं भरलेलं असतं, आणि त्याची खोली डोळ्यांआधी अंगाला कळते. म्हणून मी हिवाळाच सांगते. पावसाळ्यात वाट निसरडी, आणि उन्हाळ्यात विदर्भाचं ऊन त्या खोलगटात उभं राहू देत नाही.

वाटेत वाटाड्यानं खडकांचे थर दाखवले. आपल्या सह्याद्रीत बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे, थर कसे आडवे, पायरीसारखे दिसतात. इथे काठाजवळ ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, आतून कुणी उचकटल्यासारखे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली, आणि पुढे कितीतरी वर्षं हे ज्वालामुखीचं मुख मानलं गेलं. साहजिकच होतं ते, सगळा मुलूखच लाव्हारसाचा. मग तळाशी खोल छिद्रं घेऊन काढलेल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघातानं खडकातल्या खनिजाची न वितळताच काच होते, ती ही. एवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि उल्कापातावर शिक्कामोर्तब झालं. वयाबद्दल मात्र अजून मतभेद आहेत. एका पद्धतीनं साधारण ५० हजार वर्षं, तर दुसरीनं सुमारे ५ लाख ७० हजार.

तळाशी पोचलो तर आधी वास आला, कुजक्या अंड्यासारखा. काठाच्या चिखलावर पांढरी खारट पापडी. या तळ्यातून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते फक्त वाफ होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. वर ज्या धारेवर मी ओंजळभर पाणी प्यायले होते, तेच पाणी इथवर येऊन खारं होतं. पाण्याचा सामू (pH) १०च्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी, तरी ते जिवंत आहे. हिरवा रंग सूक्ष्म शैवालांचा. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं, तेही क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळेच. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. आम्ही उभे होतो तिथून थोड्या अंतरावर शेकाट्या पक्षी लांब तांबड्या पायांनी उथळ पाण्यात चालत होते. भाऊ एरवी फार बडबड्या, पण तोही गप्प होता.

कमळजा देवीच्या देवळाकडे तोंड करून वहिनीनं लांबूनच हात जोडले. तोवर पश्चिमेच्या काठावर ऊन आलं होतं. ते कडा उतरत झाडांपर्यंत आलं, मग पाण्यापर्यंत. आमच्यापर्यंत यायला त्याला इतका वेळ लागला की तेव्हा कुठे मला या खड्ड्याचं माप समजलं.

म्हणून सांगते, जाणार असाल तर रात्री मुक्काम करा. वाटाड्या घ्या, अभयारण्य आहे ते. चांगले बूट घाला, प्लास्टिक नेऊ नका आणि ऊन पडायच्या आत खाली पोचा. वर आल्यावर धारेवर हातपाय धुवा. आम्ही धुतले, उरलेली भाकरी तिथेच खाल्ली, आणि रात्रीची गाडीही गाठली.