निगेटिव्हची सवय डिजिटलला चालत नाही

वर्षानुवर्षे निगेटिव्ह फिल्मवर काम केलेला हात डिजिटल कॅमेऱ्यावर आला की आधी एक्स्पोजरमध्ये, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा यात, फसतो. कलर निगेटिव्ह जास्तीचा उजेड पचवते. दोन स्टॉप ओव्हर झाली (एक स्टॉप जास्त म्हणजे उजेड दुप्पट) तरी बरी प्रिंट निघते. कमी उजेड मात्र तिला सोसत नाही, सावल्या चिखलासारख्या होतात. म्हणून तर आयएसओ ४०० ची फिल्म मीटरवर २०० लावून, म्हणजे एक स्टॉप जास्त उजेड देऊन, वापरायची रीत पडली.

सेन्सरचं, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चिपचं, गणित उलटं आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये उजेडाने तयार होणारा चार्ज ठराविकच मावतो. तो भरला की पुढचा उजेड नोंदलाच जात नाही. पांढऱ्या शर्टाची वीण एकदा उडाली की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधूनही) परत येत नाही. सावल्या उचलता येतात, किंमत नॉइजच्या, म्हणजे दाणेदार ठिपक्यांच्या, रूपात मोजावी लागते. स्लाइड (पॉझिटिव्ह) फिल्म वापरणाऱ्यांना हा बदल जड गेला नाही, कारण अर्धा स्टॉप ओव्हर झाला तरी स्लाइड फिकी पडायची.

मग सरसकट एक स्टॉप अंडर, म्हणजे उजेड कमी, ठेवावं का? अजिबात नाही. उजेड कमी गोळा झाला की नॉइज वाढणारच. रॉ ठेवा, हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सूचना) चालू करा, एक चाचणी फ्रेम घ्या. महत्त्वाचा भाग लुकलुकला तर एक्स्पोजर एक तृतीयांश स्टॉपने उतरवत जा आणि लुकलुकणं थांबलं की तिथेच थांबा. स्टीलच्या भांड्यावरची चमक जळली तर जळू द्या, तिच्यात तपशील नसतोच.

इथे एक मेख आहे. रॉ काढत असलात तरी कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बहुतेक वेळा कॅमेऱ्याने प्रक्रिया केलेल्या जेपेग प्रिव्ह्यूवरून बनतो. पिक्चर स्टाइल (रंग-कॉन्ट्रास्टची सेटिंग) भडक असेल तर हा आलेख उगाच घाबरवतो. ती सेटिंग न्यूट्रल ठेवा. लाल फुलं किंवा लाल कापड असेल तर तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहा. एकत्रित आलेख ठीक दिसतो आणि लाल चॅनेल मात्र कधीच कापला गेलेला असतो.

लेन्सचं थोडक्यात: १.५ क्रॉपच्या, म्हणजे फिल्मच्या फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरच्या, बॉडीवर जुनी २८ मिमी लेन्स ४२ सारखी दिसते, वाइड अँगल हातचा जातो.

धूळ ही मात्र नवी कटकट. फिल्म दर फ्रेमला पुढे सरकायची, कण तिच्यासोबत जायचा. सेन्सर जागचा हलत नाही, त्यामुळे तोच डाग प्रत्येक फोटोत. एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र लहान ठेवून), फोकस बिघडवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, डाग दिसतील. मग क्लीनिंग मोड (सेन्सर उघडा ठेवणारी सेटिंग) लावून बॉडी पालथी धरा आणि रबरी ब्लोअर मारा. तोंडाने फुंकलं तर थुंकी उडते. दाबलेल्या हवेच्या डब्यातून द्रव उडून सेन्सरवर बसतो, आणि तो डाग ब्लोअरने निघत नाही.