इन्यांबाने

आज मोझांबिकमधल्या माशीश गावाच्या धक्क्यावर, खाडीपलीकडच्या इन्यांबानेला जाणारी होडी भरायची वाट बघत तासभर बसलो. वेळापत्रक वगैरे नाही, माणसं भरली की सुटते. रस्त्याने खाडीला लांबलचक वळसा घालावा लागतो, पाण्यावरून मात्र पंचवीसेक मिनिटं. वाटेत तिरकस शिडांचे मचवे दिसले आणि क्षणभर दाभोळची खाडी आठवली.

याच नावाच्या प्रांताची राजधानी म्हणजे हे चिमुकलं, झोपाळू इन्यांबाने. मुख्य महामार्ग समोरच्या माशीशवरून जातो, त्यामुळे सगळी गजबज तिकडे. इथे रुंद, रिकामे रस्ते, जुनं चर्च आणि किनाऱ्याजवळ मशीद. जानेवारी १४९८ मध्ये वास्को द गामा या किनाऱ्यावर थांबला आणि 'भल्या माणसांची भूमी' असं नाव देऊन गेला. पुढे त्याच भल्या माणसांना याच बंदरातून गुलाम म्हणून जहाजांत कोंबलं गेलं, हस्तिदंताबरोबर. नाव मात्र अजून मिरवतात. मला ते जरा टोचलंच.

आणखी एक गंमत. १७५२ पर्यंत पोर्तुगिजांचा मोझांबिकमधला कारभार गोव्यातून चालायचा! म्हणजे इथल्या अधिकाऱ्याचा साहेब मांडवीकाठी बसलेला.

धक्क्यावर एक मावशी कागदाच्या पुडीत भाजलेले काजू विकत होत्या. माझं पोर्तुगीज दिव्यच, पण 'काजू' म्हटल्यावर त्यांना लगेच कळलं. मग 'पाव' म्हणून पाहिलं. त्या हसल्या, 'पांव' असा नाकातला उच्चार माझ्याकडून दोनदा घोकून घेतला आणि शेजारच्या टोपलीकडे बोट दाखवलं.

परतीची होडी अजून भरलेली नाही. पुडी संपत आलीय.